तो पाव कोण खात होतं?

आमच्या मुरलीचं लग्न ज्या वर्षी झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मुरलीकृष्ण माझा नातू, थोरल्या मुलाचा मुलगा. पोंगल उलटल्यावर थै महिन्यात मुहूर्त धरला होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मंडपाला केळीचे खांब बांधत होते आणि तिकडे कुंभकोणमला माझे चुलत भाऊ वेंकटराव वारले. फोन आला तो आमचे शेजारी बाळकृष्णराव यांना. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, फोन खिशात टाकला आणि रसमात मिरी कमी आहे म्हणून आचाऱ्याशी वाद घालायला गेले. ती रात्र गेली, सकाळी अक्षता पडल्या, शेवटची पंगत उठली. तोवर त्यांनी कोणाला काही कळू दिलं नाही. मग मला मंडपाच्या मागे नेऊन म्हणाले, "रघोजी, आता अंघोळ करून घे. काल वेंकटराव गेले."

आमच्यात सुतक कानावर पडल्यापासून धरतात. ऐकलं नाही तोवर सुतक नाही. म्हणून घरात शुभकार्य असलं की अशी बातमी एखादा नात्याबाहेरचा माणूस पोटात ठेवतो. त्याला स्वतःला सुतक लागत नाही, आणि कार्य पार पडतं. बाळकृष्णरावांनी ते काम इतकं बेमालूम केलं की मी तिथेच त्यांना हात जोडले. सगळ्या गल्लीने त्यांचं नाव घेतलं.

तंजावूरच्या राजवाड्याच्या मागच्या बाजूला आमची गल्ली आहे. तिच्या तोंडाशी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. आता सायकली कमी झाल्या, मोपेडी वाढल्या, पण पंक्चर तेच. दुकानाला लागून ओटा आहे. बाळकृष्णराव इंग्रजीचे मास्तर होते. गल्लीत सगळे त्यांना 'सार' म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यावर दुपारी ते माझ्या ओट्यावर येऊन बसू लागले. मला अक्षरं त्यांनीच दिली. तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. दुकानाच्या पत्र्याच्या दारावर ते खडूने एक अक्षर काढत आणि मी दिवसभर ग्रीसच्या हातांनी ते गिरवत असे. आधी तमिळ झालं, मग ही आपली देवनागरी. त्यांच्या स्वतःच्या मुलाला, अनिरुद्धरावांना, मराठी नीट बोलता येतं, पण वाचता येत नाही. गल्लीत बहुतेकांचं तसंच आहे.

परीक्षा जवळ आली की मुलं इंग्रजीसाठी सारांकडे येत. शिकवायची त्यांची रीत अशी की ते स्वतः बोलत नसत. मुलांना गोल बसवत, प्रत्येकाला एक शब्द वाटून देत आणि त्याने तो बाकीच्यांना पटवायचा. गाइडमधली व्याख्या चालत नसे. उदाहरण द्यायचं, आणि तेही ह्या गल्लीतलं, सगळ्यांनी पाहिलेलं. कोणी व्याख्या घोकून म्हणू लागला की सार तोंडाने काही न बोलता डावा हात पुढे करून तळवा उघडत. म्हणजे, उदाहरण दे. उदाहरण मिळेपर्यंत तो तळवा तसाच उघडा.

त्या वर्षी त्यांची नात हरिता प्लस टूला, म्हणजे बारावीला होती. तिच्याबरोबर दोघं, विघ्नेश आणि साईप्रिया. विघ्नेशची जीभ कात्रीसारखी. साईप्रिया अबोल, तिची आई भुवना इस्पितळात नर्स. हरिता गणितात पहिली यायची, पण सहामाहीला इंग्रजीत नापास झाली. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही. प्रश्नाशी भांडायची म्हणून. गाइडमध्ये उत्तर एक असायचं आणि ही पेपरात लिहायची, 'मला तसं वाटत नाही.'

"मास्तरची नात इंग्रजीत नापास," अनिरुद्धराव माझ्या दुकानात स्कूटरला हवा भरताना म्हणाले होते. "आणि अप्पा हसतात. म्हणतात, तिने लिहिलेलं बरोबर आहे. बरोबर असून काय करायचं, मामा? मार्क कोण देणार?"

मुरलीच्या लग्नाला महिना झाला असेल. एका सकाळी हरिता शाळेत गेल्यावर सार न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना इस्पितळात नेलं. संध्याकाळी अनिरुद्धराव माझ्याकडे आले, ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले.

"हरिताला काही सांगितलेलं नाही. ओरत्तनाडुची आत्या पाय घसरून पडली, तिच्याकडे आजोबा आणि आई गेलेत, असं सांगितलंय. तिची आई रंजना इस्पितळात राहील. मंगळवारी इंग्रजीचा पेपर आहे. तो झाला की मी स्वतः तिला घेऊन जाईन. तोवर मुलांना तुमच्या ओट्यावर बसू द्या. घरी बसली की शेजारीपाजारी विचारायला येतील."

मी म्हणालो, "बरं."

खरं तर त्या वेळी मला त्यात वावगं काही दिसलं नाही. आपल्याकडे असंच करतात.

पण हरिताने एक गोष्ट काढली. आजोबांना मऊ दहीभात लागतो, वर डाळिंबाचे दाणे, मोहरीची फोडणी नको. आत्या पडलेली, आईला सगळं जमायचं नाही. तेव्हा रोज सकाळी ती स्वतः दहीभात कालवून डबा भरू लागली. ओरत्तनाडुच्या बसचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्या हाती पाठवा, असं तिने वडिलांना सांगितलं. अनिरुद्धराव नाही कसं म्हणणार? ते डबा घेऊन निघत आणि माझ्या दुकानाशी थांबत.

"मामा, हे तुम्ही खाऊन घ्या. टाकवत नाही."

इस्पितळात सारांना नळीतून पेज चालली होती. मी डबा घेतला. अन्न फेकायचं नाही हे लहानपणापासून अंगात. मी तो दहीभात खाल्ला, मागच्या नळावर डबा घासला आणि संध्याकाळी अनिरुद्धरावांना परत दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. भात चांगला व्हायचा. घास घशाखाली उतरताना मात्र मी दुकानाकडे पाठ करून बसत असे.

हरिता रंजनाला फोन करायची. रंजना सांगायची, आजोबा झोपलेत. कधी, देवळात गेलेत. भात आवडला का, असं हरिता विचारायची. रंजना म्हणायची, हो.

रविवारी संध्याकाळी भुवना कामावरून परतताना दुकानाशी थांबली.

"रघोजीमामा, सारांचं काही खरं नाही. डॉक्टर घरच्यांना आठवडा म्हणाले. मी रोज असे पेशंट बघते. मला आठवडा दिसत नाही. त्या पोरीला एकदा दाखवा तरी. आमची साईप्रिया घरात जेवत नाही. मी तिला बोलू नकोस म्हटलंय, तर ती काहीच बोलत नाही."

अनिरुद्धराव डब्यासाठी आले तेव्हा मी विषय काढला.

"उद्या तिला घेऊन जा. तासभर."

"मामा, मुरलीच्या लग्नात अप्पांनी काय केलं? तुम्ही हात जोडलेत ना त्यांना? मी बघत होतो."

"जोडले."

"मग आता मी तेच केलं तर?"

"वेंकटराव गेलेले होते, अनिरुद्धराव. सार आहेत."

त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण उगाच काढून पुन्हा लावलं.

"भुवना म्हणते, आठवडा नाही."

"भुवना डॉक्टर आहे का?" मग आवाज खाली आला. "ती पोर एकदा तिथे गेली की उठायची नाही, मामा. तुम्हाला ठाऊक नाही का ती? पेपर बुडाला की वर्ष बुडालं. त्यातून इंग्रजीचा पेपर. अप्पांचा पेपर. तो बुडवून मी त्या माणसासमोर उभा कसा राहू? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. पण त्या रात्री एक गोष्ट डोक्यातून जाईना. आपण मेलेल्या माणसाची बातमी लपवतो, ती रीत आहे. इथे जिवंत माणसाचीच बातमी करून ठेवली होती. तो माणूस खाटेवर डोळे उघडे ठेवून पडला आहे आणि इकडे त्याच्या नातीपुरता तो ओरत्तनाडुच्या देवळात गेला आहे.

सोमवारी दुपारी तिघं शेवटच्या उजळणीला ओट्यावर बसली. मी समोर एका सायकलचं चाक सरळ करत होतो. पोरं मला 'ताता' म्हणतात, म्हणजे आजोबा. ती बोलत तमिळमध्ये, मराठीत, मधेच इंग्रजीत. सारांच्या रीतीने त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. विघ्नेशला उपमा-रूपकं आली.

"ऐका," तो मांडी ठोकून म्हणाला. "आमचे हेडमास्तर म्हशीसारखे आहेत. ही सिमिली. आमचे हेडमास्तर म्हैस आहेत. हे मेटाफर. आपल्याला हेडमास्तर म्हटलं म्हणून म्हैस रुसली आणि दूध देईना. हे पर्सनिफिकेशन. झालं, पंधरा मार्क."

"म्हैस गल्लीतली नाही," हरिता म्हणाली. "आजोबा चालू देणार नाहीत."

"हेडमास्तर आहेत ना गल्लीतले!"

"उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलं पाहिजे. हा बघ ताताचा पंप. 'पंप दमेकऱ्यासारखा खोकतो.' सिमिली."

"ताता, बघा, ही तुमच्या पंपाला नावं ठेवते."

"ठेवू दे," मी म्हणालो. "पंप काही तिच्यावर रुसत नाही."

"अय्यो, ताता पास झाले!" विघ्नेश ओरडला. "ताता, उद्या माझ्या जागी बसा. मी पंक्चर काढतो."

हसणं झालं. साईप्रिया हसली नाही. तिने आपली चिठ्ठी मुठीत धरून ठेवली होती. हरिताने मूठ उघडून वाचली. 'ड्रमॅटिक आयरनी.'

"सांग ना. सोपं तर आहे."

साईप्रिया गाइडमधलं वाक्य पुटपुटली. मग मराठीत म्हणाली, "म्हणजे, वाचणाऱ्याला ठाऊक असतं. गोष्टीतल्या माणसाला ठाऊक नसतं."

विघ्नेशने सारांची नक्कल करत डावा हात पुढे केला आणि तळवा उघडला. "उदाहरण?"

साईप्रियाने माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे पाहिलं.

"गल्लीतलं नको, धड्यातलं दे," हरिता म्हणाली. "तो पाववाला."

तो धडा मला ठाऊक होता. सारांनी मला सांगितला होता. कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा पाववाला. त्याचा मुलगा लढाईवर गेलेला. तो दर शनिवारी मुलासाठी एक पाव भाजतो आणि गावकऱ्यांच्या हाती देतो, की छावणीत पोहोचवा. मुलगा केव्हाच मेलेला आहे. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, बापाला नाही. गावकरी दर शनिवारी पाव घेऊन जातात आणि सांगतात, पोहोचला, त्याला आवडला. म्हातारा सुखाने मरतो. धडा संपतो.

"ह्यावर मोठा प्रश्न येतो," विघ्नेश म्हणाला. "गावकऱ्यांचं वागणं योग्य होतं का? गाइडमध्ये आहे, होय, कारण त्यांच्या मनात करुणा होती. सात मुद्दे. पाठ करायचे, लिहायचे, घरी जायचं. आणि हरिता, हात जोडून सांगतो, उद्या तू पण तेच लिही. सहामाहीत तुला त्यावर शून्य मिळालं."

"मिळू दे. मला तसं वाटत नाही."

"डेय, हिला काही वाटतच नाही कधी! म्हाताऱ्याला दोन वर्षं सुखाची मिळाली. सांगितलं असतं तर त्याच दिवशी गेला असता. काय वाईट केलं त्यांनी?"

"त्याचं रडणं चोरलं."

"काय?"

"रडायचा हक्क त्याचा होता. मुलगा त्याचा. तो हक्क गावाने आपसांत वाटून घेतला. सगळे मनातल्या मनात चांगले झाले आणि तो एकटा वेडा ठरला. बरं, मला एक सांग. गाइड हे सांगत नाही, धडा पण सांगत नाही, मी आजोबांना विचारलं तर ते नुसते हसले. दर शनिवारी तो पाव घेऊन जायचे. मुलगा तर नव्हता. मग तो पाव कोण खात होतं?"

साईप्रिया रडू लागली. हुंदका नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी.

"काय झालं गं?" हरिता घाबरली. "अगं गोष्ट आहे ती. थांब, पाणी आणते."

ती उठून मागच्या नळाकडे गेली. तेव्हा मला आठवलं. मी उठलो, पण गुडघे माझं कुठे ऐकतात! नळाजवळच्या दगडावर तिचा डबा पालथा घालून मी वाळत ठेवला होता.

आमच्याकडे लग्नात भांडी देतात त्यांवर नाव कोरतात. तो डबा हरिताच्या आजीचा. झाकणावर तमिळ अक्षरांत 'जयलक्ष्मी' कोरलेलं. आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण नाव तसंच होतं. हरिता पाण्याऐवजी तो डबा घेऊन बाहेर आली.

"ताता, हा इथे कसा?"

"ताताने बस लुटली," विघ्नेश म्हणाला. त्याला काही ठाऊक नव्हतं. कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने तोंड मिटलं.

"धुतलेला आहे," हरिता म्हणाली. "आज सकाळी मीच भरला होता. ताता, दहीभात कोणी खाल्ला?"

"मी."

"आणि काल?"

"रोज मीच."

तिने डबा ओट्यावर ठेवला, अगदी हळू. साईप्रियाकडे पाहिलं, तिच्या ओल्या तोंडाकडे. मग माझ्याकडे.

"आजोबा आहेत ना?"

मी अनिरुद्धरावांना शब्द दिला होता. पण तो शब्द न सांगण्याचा होता. ही समोर उभी राहून विचारत होती, आणि तिच्या हातचं अन्न माझ्या पोटात होतं.

"आहेत," मी म्हणालो. "इस्पितळात आहेत. उजवी बाजू गेली आहे, बोलता येत नाही. ओरत्तनाडुला कोणी पडलेलं नाही. सकाळी भुवना सांगून गेली, आहेत."

"किती दिवस?"

"तू डबा भरायला लागलीस तेव्हापासून."

तिने चपला घातल्या. पुस्तकं तशीच राहिली. विघ्नेश एक शब्द न बोलता मोपेड काढायला धावला. ती निघताना, आमच्यात म्हणतात तसं, "जाऊन येते" म्हणाली नाही. नुसती गेली.

मी दुकानाचं दार ओढून बसने गेलो. पोहोचलो तेव्हा हरिता खाटेजवळच्या स्टुलावर बसली होती. रंजना भिंतीशी तोंडावर पदर धरून उभी, अनिरुद्धराव पायथ्याशी. मला पाहून त्यांनी मान फिरवली.

सारांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डोळे हरितावर. ती अगदी रोजच्या आवाजात बोलत होती. जणू शाळेतून येऊन तक्रार सांगते आहे.

"विघ्नेश म्हणतो गावकरी बरोबर. तुम्ही कधी मला सांगितलंच नाही तुम्हाला काय वाटतं. नुसते हसता. उद्या आला तर मी काय लिहू? गाइडमधलं लिहू का? बाबांना तेच पाहिजे."

सारांच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता. मग चादरीवर त्यांचा डावा हात सरकला आणि तळवा उघडला.

हरिता त्या हाताकडे बघत राहिली. उदाहरण मागत होते की हात मागत होते, की नुसतीच शीर ओढली गेली, मला सांगता येणार नाही. तिने आपला हात त्यात ठेवला. सारांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, श्वास भरभर चालू लागला, छातीतून घरघर येऊ लागली. यंत्र वाजायला लागलं. नर्स धावत आली, सगळ्यांना बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकाशी अनिरुद्धराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"समाधान झालं तुमचं? शब्द दिला होता तुम्ही."

"तिने डबा पाहिला, अनिरुद्धराव. विचारलं."

"सांगायचं होतं काहीतरी! कंडक्टर विसरला म्हणायचं होतं. लग्न तुमच्या घरचं होतं तेव्हा माझ्या बापाने एक दिवस तोंड मिटलं ना? तुमच्याच्याने एक दिवस मिटलं नाही."

बोलण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते मी रविवारी बोललो होतो. हरिता आमच्या मधे येऊन उभी राहिली.

"बाबा, त्यांना ओरडू नका. भात मी पाठवला होता. कोणीतरी खाणारच होतं."

अनिरुद्धरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते बाकावर बसले. दोन्ही हातांनी डोकं धरलं. "उद्या पेपर आहे," एवढंच म्हणाले. ते तिला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

तिला संध्याकाळी पुन्हा आत सोडलं नाही. काचेतून बघून ती घरी गेली.

सकाळी अनिरुद्धरावांनी तिला शाळेत सोडलं आणि ते इस्पितळात गेले. मी दुकान उघडलं, पण हात चालेनात. दुपारी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. का गेलो ते ठाऊक नाही. मुलांचे आईबाप गर्दी करून होते. कोणी लिंबाचं सरबत आणलं होतं, कोणी छत्र्या. तेवढ्यात स्कूटर आली. अनिरुद्धरावांचा सदरा चुरगळलेला, डोळे कोरडे. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. शेजारी अशासाठी की दुसरीकडे जागा नव्हती.

मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

"रंजना म्हणते, घरी नेऊन, जेवू घालून मग सांगा," ते समोर बघत म्हणाले. "परवापर्यंत पुढचा पेपर नाही, वेळ आहे. जेवू घालून सांगायला काय हरकत आहे?"

ह्या वेळी मला कोणी काही सांगायला किंवा लपवायला लावू नये एवढंच वाटत होतं.

घंटा झाली. पोरं बाहेर येऊ लागली. विघ्नेश आधी आला, आम्हा दोघांना पाहून जागच्या जागी थांबला. मागून हरिता आणि साईप्रिया. हरिता सरळ वडिलांसमोर आली.

"पेपर कसा होता?" अनिरुद्धराव म्हणाले. सवयीने आलं तोंडातून.

"बाबा, ते नंतर. आधी सांगा."

अनिरुद्धरावांचे ओठ हलले. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मला वाटलं, आता हे म्हणतील की मामा, तुम्हाला सुतक नाही, तुम्ही सांगा. तसं ते म्हणाले नाहीत.

"गेले," ते म्हणाले. "सकाळी. तुमचा पेपर सुरू झाल्यावर थोड्या वेळाने."

"म्हणजे मी पत्राच्या प्रश्नावर होते," हरिता म्हणाली.

पाववाल्याचा प्रश्न आलाच नव्हता. हे विघ्नेशने मला नंतर सांगितलं. हरिताने तासाभरानंतर काही लिहिलं नाही, पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसली होती, असंही तो म्हणाला. साईप्रिया म्हणते, तसं काही नाही, तिने शेवटपर्यंत लिहिलं. मी हरिताला विचारलं नाही. मे महिन्यात निकाल लागला. इंग्रजीत ती कशीबशी पास झाली. ज्या कॉलेजात अनिरुद्धरावांना तिला घालायचं होतं तिथे नंबर लागला नाही. दुसरीकडे लागला.

अनिरुद्धराव आता पुढच्या चौकातल्या पंपावर हवा भरतात. त्यांचं म्हणणं आहे की तिला पाहून सारांच्या जिवाला धक्का बसला, नाहीतर त्यांनी आठवडा काढला असता. हे त्यांनी मला नाही, मुरलीला सांगितलं. भुवना म्हणते, त्याचा काही संबंध नाही. दोघांपैकी कोणाचं खरं हे मला ठरवता येत नाही. रात्री झोप मोडली की मी ते ठरवत बसतो आणि सकाळी पुन्हा तिथेच असतो.

हरिता कॉलेजला जाताना कधी दुकानाशी थांबते, सायकलला हवा भरून घेते. ओट्यावर बसत नाही. एकदा मीच म्हणालो, "डबा तुझ्याकडे पोहोचला ना?" ती म्हणाली, "हो, ताता. आजीचा आहे तो." आणि पायडल मारून गेली.

पत्र्याच्या दारावर सारांच्या हातचं एकही अक्षर उरलेलं नाही. मी रोज गिरवून पुसत होतो, त्यात सगळी गेली. म्हणून हे मी कागदावर लिहून ठेवलं.

माझे शेजारी आणि मला अक्षर देणारे बाळकृष्णराव, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, माघ वद्य दशमीला, मंगळवारी, ५ मार्च २०२४ रोजी सकाळी तंजावूरला इस्पितळात वारले. तेव्हा त्यांची नात परीक्षेला बसलेली होती.